अर्धा शब्द

मासेरूत माझ्या टेबलावर एक रेडिओ आहे,
शेजारी निवलेला चहा आणि एक जाड वही.
वहीत अकरा जणांची नावं.
डोंगरात घोड्यावरून फिरणारी ही माणसं
कोणती सुई टोचतील, कुठे हात आखडतील
ते माझ्या सहीने ठरतं.
चुकलं तर दोघांचं चुकलं, असं मी शिकवताना म्हणते.
शिकवताना मी बरंच काही म्हणते.

जुलै. आमच्याकडे ऐन थंडीचा महिना.
वरच्या कुरणात, गुराख्यांच्या दगडी खोपटापाशी
घोडा घसरला. मोएकेत्सी खाली, त्याच्या अंगावर घोडा.
वय चौदा.
सेचाबा पोचला तेव्हा सूर्य कलला होता.
खोपटात रेंज नाही; ती मिळते वरच्या खडकावर.
म्हणून मुलाचा मामा, न्ताते मोहापी,
ब्लँकेट गुंडाळून रेडिओसह खडकावर बसला
आणि आमच्या दोघांमधली तार झाला.

खालून सेचाबा ओरडायचा, मामा मला सांगायचा:
श्वास मिनिटाला चव्वेचाळीस.
मानेच्या शिरा दोरीसारख्या.
उजवी बाजू ठोकली तर ढोलासारखी वाजते.
"आत हवा कोंडलीय म्हणतो, म्मे. सुई घालू का, विचारतो."

सुई म्हणजे वहीतलं सोळावं पान.
माझ्या परवानगीशिवाय नाही, असं लाल शाईत.
तिथे मीच लिहिलेलं.

मी सांगू लागले:
उजवीकडे. गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून खाली ये.
दुसरी बरगडी मोज. तिसरी मोज.
तिसरीच्या वरच्या कडेला लागून, सरळ आत—
आणि माझ्याच पोटात गोळा आला.
न पाहिलेली छाती. उसने कान.
मी म्हटलं, एमा. थांब.
आधी दोन्ही बाजू पुन्हा ऐक.

रेडिओत खरखर.
मग काहीच नाही.
एकेचाळीस मिनिटं मी त्या चहाकडे बघत होते.

नंतर मामाचा आवाज आला:
"फुस्स झालं, म्मे. टायरसारखं.
पोरगं पाणी मागतंय."

माझा शब्द सेचाबा कधी खाली पडू देत नाही.
या वेळी वाऱ्याने पाडला,
असं मी समजले, आणि वाऱ्याचे आभार मानले,
कुणाला न सांगता.

सप्टेंबरात बर्फ वितळलं तशी वर गेले.
बारा वर्षांत पहिल्यांदा.
मांड्या सोलून निघाल्या, घोडा मला हसला असणार.
सेचाबाने सगळं करून दाखवलं,
बोटं कुठे ठेवली, कशी मोजली.
बोटं जाड, नखात माती. मोजणी अचूक.
म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तस्संच केलं."
मी मान हलवली.

संध्याकाळी त्या खडकावर गेले.
मामा तिथे मेंढ्या मोजत होता.
वारा होता, पण पुलेंगला रेडिओ लावला तर
मासेरूतला पंखासुद्धा ऐकू येत होता.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"ते शेवटचं मी ऐकलं होतं, म्मे.
एमा.
वर चढण्याआधी त्याचे ओठ पाहून आलो होतो.
जांभळे.
मी रेडिओ बंद केला.
खाली ओरडलो ते 'सरळ आत' एवढंच."

मेंढ्या मोजून झाल्या. एक कमी होती.
तो तिला शोधायला गेला.

आता नियम आहे, ऐकलेलं सगळं
मला परत म्हणून दाखवायचं, शब्दन् शब्द.
का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.
सेचाबाला तर नाहीच.

वहीत त्या दिवसाची ओळ रिकामी होती.
निर्णय कुणाचा? या रकान्यासमोर
पेन टेकवून मी किती वेळ बसले, माहीत नाही.
शेवटी लिहिलं:
वारा जोराचा होता.
हे खोटं नाही.
खाली सही केली.